गहुंज्यातले पराभव आणि फळाचा हक्क

२०१२च्या आयपीएल हंगामात पुणे वॉरियर्स इंडिया हा संघ १६ पैकी १२ सामने हरला आणि नऊ संघांच्या गुणतालिकेत तळाला राहिला. मावळ तालुक्यात, द्रुतगती मार्गालगत गहुंजे इथे उभं राहिलेलं नवं मैदान हे त्याचं घर. त्या मैदानाचं उद्घाटन त्याच वर्षी १ एप्रिलला झालं होतं. सुरुवात काही वाईट नव्हती. पहिल्या सातपैकी चार सामने संघाने जिंकले. त्यांत वानखेडेवर मुंबई इंडियन्सला आणि गहुंज्यात चेन्नई सुपर किंग्जला हरवलं. २१ एप्रिलचा दिल्लीतला विजय मात्र शेवटचा ठरला. त्यानंतरचे नऊच्या नऊ सामने गेले. ३ मे रोजी गहुंज्यात मुंबईच्या १२० धावांचा पाठलाग ११९वर थांबला.

अशा हंगामातून दोन प्रश्न निघतात. हे कशाने झालं, हा पहिला. त्या हारण्याशी कोणी कसं वागावं, हा दुसरा. पहिला कर्तृत्वाचा आहे, दुसरा फळाचा. रोजच्या बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते आणि उत्तर बहुधा एकच निघतं: कर्णधार बदला. भगवद्गीतेने हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत.

अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर. पुण्याच्या संघाला ही यादी लावून पाहिली तर ती चांगलीच लागू पडते. २०११च्या विश्वचषकात मालिकावीर ठरलेला आणि त्याच वर्षी पुण्याचा कर्णधार असलेला युवराज सिंग २०१२च्या आरंभी अमेरिकेत कर्करोगावर उपचार घेत होता. ही बाब अधिष्ठानात धरायची की दैवात, हे ठरवणं सोपं नाही. कर्त्याच्या जागी सौरव गांगुली होता. वय ३९, कर्णधार तोच आणि मार्गदर्शकही तोच. साधनांची कथा मैदानाबाहेर घडली. संघाचा मालक सहारा समूह आणि क्रिकेट मंडळ यांच्यातल्या वादामुळे ४ फेब्रुवारीच्या लिलावात हा संघ उतरलाच नाही. चेष्टांचा हिशेब धावफलकात आहे: मुंबईकडून एका धावेने हार, दोनच दिवसांनी कोलकात्यात सात धावांनी.

ही पाच कारणं सांगून झाल्यावर, जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा निर्वाळा गीता देते. हे वचन सहसा विजयाचा ताठा उतरवण्यासाठी वापरलं जातं. पराभवालाही ते तितकंच लागू आहे, कारण सगळा दोष एकाच्या माथी मारणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू होय. मात्र यातून कोणाची सुटका होत नाही. दैव यादीत आहे, पण पाचवं आहे. पहिल्या चार कारणांची झडती न घेता पाचव्यावर जाण्याची सवय जगभर आढळते. अमेरिकेत शिकागो कब्ज या बेसबॉल संघाला १९०८नंतर थेट २०१६पर्यंत अजिंक्यपद मिळालं नाही, आणि त्याचं खापर कित्येक दशकं एका बोकडाच्या मालकाने दिलेल्या शापावर फोडलं गेलं. उलट १८९९चा क्लीव्हलँड स्पायडर्स हा संघ १५४ पैकी अवघे २० सामने जिंकू शकला, तिथे शापाची गरजच नव्हती. मालकांनी सेंट लुईसचा दुसरा संघ विकत घेऊन चांगले खेळाडू तिकडे हलवले होते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. लाभ-हानी आणि जय-पराजय सारखे मानून लढ, हा दुसऱ्या अध्यायातला उपदेश लढणाऱ्याला केलेला आहे. व्यावसायिक खेळात लढणाऱ्याभोवती आणखी दोघे असतात: मालक आणि प्रेक्षक. खेळाडूचं मानधन लिलावात आधीच ठरतं. सामना हरला म्हणून ते बुडत नाही. त्या अर्थाने निष्काम खेळणं त्याला निदान परवडतं, जरी पुढच्या लिलावाची टांगती तलवार असली तरी. निष्काम म्हणजे बेफिकीर नव्हे. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त सगळा भर फलासक्ती सोडून कर्म नेटाने करण्यावर दिला, कर्म सोडण्यावर नव्हे. मालकाचा व्यवहार उघडच सकाम आहे. सहाराने २०१० मध्ये या संघासाठी ३७ कोटी डॉलरची बोली लावली, ती काही समत्वाचा अभ्यास करण्यासाठी नाही.

उरला प्रेक्षक. त्याच्याकडे कर्म नाही, फक्त फळाची आशा आहे. त्याचं ओरडणं हे कर्म मानलं तरी त्याने चेंडू सीमापार जात नाही. गीतेत अशा माणसासाठी उपदेश नाही, पण असा माणूस आहे. पहिलाच श्लोक त्याचा आहे: रणांगणापासून दूर बसलेला धृतराष्ट्र, आपले आणि पंडूचे अशी वाटणी करून, तिकडे काय झालं हे संजयाला विचारतो. संजय तेच युद्ध पाहतो आणि सांगतो. पाहणं दोघांचंही आहे, एकाचं डोळ्यांनी आणि दुसऱ्याचं कानांनी. गुंतणं मात्र एकाचंच आहे.

न करता पाहणाऱ्याचा विचार बौद्ध परंपरेत अधिक नेमका आढळतो, आणि त्या परंपरेचे भिक्खू दोन हजार वर्षांपूर्वी याच मावळात, कार्ले, भाजे आणि बेडसे इथल्या लेण्यांत, राहत होते. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-स्तुती आणि सुख-दुःख हे आठ लोकधर्म जगाला फिरवत असतात, असं पाली ग्रंथ सांगतात. त्यांच्यापुढे चित्त न डळमळणं ही उपेक्षा. तिचा अर्थ दुर्लक्ष नाही, पक्का तोल आहे. गहुंज्याहून फार लांब नसलेल्या देहूची वाट आणखी निराळी. दुष्काळात व्यापार बुडाल्यावर तुकोबांनी त्या दिवाळ्याबद्दल देवाचे आभार मानले, कारण त्याने त्यांना विठ्ठलाकडे लोटलं. हा मार्ग क्रिकेट संघाला सुचवणं हास्यास्पद ठरेल. गुणतालिकेच्या तळातून वैराग्य निपजत नाही, फार तर प्रशिक्षक बदलतो.

प्रेक्षकाची ही आशा कोणत्या संघाला बांधलेली असते, हेही तपासण्यासारखं आहे. ५ मे २०१२ रोजी ईडन गार्डन्सवर कोलकात्याचे प्रेक्षक दुभंगले होते: संघ आपला, पण आपला गांगुली पुण्याकडून खेळतोय. पुढच्या हंगामातही पुण्याने १६ पैकी १२ सामने गमावले. मे २०१३ मध्ये सहाराने अंग काढून घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार रद्द केला. गहुंज्याच्या मैदानावरचं सहाराचं नावही उतरलं. २०१८ मध्ये कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने इथे हलवण्यात आले. त्यांचे चाहते खास रेल्वेने पुण्याला आले आणि त्यांच्याबरोबर पुणेकरही पिवळे झेंडे घेऊन गहुंज्याच्या सज्जांत बसले. चेन्नईने त्या वर्षी अजिंक्यपद मिळवलं.