खोट्याचा खर्च कोण उचलतो?



धर्मग्रामाच्या पत्रिकेत चित्रपटावर कशाला लिहायचे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण एखादा चित्रपट पाहताना माणसे कुठे हसतात, कुठे गप्प होतात आणि कशाला ‘हे शक्यच नाही’ म्हणतात, यावरून पाहणाऱ्यांविषयी पुष्कळ काही कळते. २००७ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘लार्स अँड द रिअल गर्ल’ हा असाच एक चित्रपट आहे. क्रेग गिलेस्पी यांनी तो दिग्दर्शित केला आणि नॅन्सी ऑलिव्हर यांच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही. प्रेमकथा आहे, विनोदीही आहे, पण नेहमीच्या वाटेने जाणारी नाही.

विस्कॉन्सिन राज्यातल्या एका छोट्या, थंड गावात लार्स नावाचा तरुण राहतो. त्याच्या जन्माच्या वेळीच आई वारली. वडील दुःखाने घुमे झाले आणि थोरला भाऊ गस लवकरच घर सोडून गेला. आता गस आणि त्याची गरोदर पत्नी कॅरिन घरात राहतात आणि लार्स मागच्या गॅरेजमध्ये. तो नेमाने चर्चला जातो, कामावर जातो, पण कोणी साधा हात लावला तरी त्याला भाजल्यासारखे दुखते. एके दिवशी तो आनंदाने सांगतो की आपली मैत्रीण आली आहे. तिचे नाव बियांका. ती परदेशी आहे, मिशनरी आहे, चाकांच्या खुर्चीत बसते. आणि ती असते इंटरनेटवरून मागवलेली, माणसाच्या आकाराची बाहुली!

अशा बाहुल्या कशासाठी विकल्या जातात हे सांगायला नको. पण चित्रपटात काही ओंगळ नाही. बियांका भाविक आहे, एका छपराखाली राहणे बरे दिसणार नाही, म्हणून लार्स तिला भावाच्या घरात, आईच्या जुन्या खोलीत ठेवायला सांगतो. भाऊ-वहिनी हादरतात. गावातल्या डॉक्टरीणबाई मानसोपचारही जाणतात. त्या सांगतात, बियांका आली आहे त्याला काही कारण आहे. तूर्त तुम्ही तिला मानून चाला. आणि हळूहळू अख्खे गाव तिला मानून चालू लागते. चर्चमध्ये तिला जागा मिळते, बायका तिला केस कापायला नेतात, दुकानात आणि इस्पितळात तिला ‘काम’ मिळते. शेवटी बियांका आजारी पडते, तळ्याकाठी ‘मरते’ आणि तिचा अंत्यविधी चर्चमध्ये होतो. तोपर्यंत लार्स माणसांचा हात हातात घ्यायला शिकलेला असतो.

हा चित्रपट पाहिलेल्यांशी बोलताना साधारण तीन प्रकारच्या प्रतिक्रिया ऐकायला मिळतात.

पहिली प्रतिक्रिया हसण्याची. सुरुवातीला सगळेच हसतात, आणि त्यात काही गैर नाही. बाहुलीच्या ताटात जेवण वाढलेले पाहून कोणाला हसू येणार नाही? पण पुढे हसू ओसरते. लोक लार्सला हसतील, अशी गसला भीती वाटते, तेव्हा डॉक्टरीणबाई त्याला सरळ सांगतात की ते तुलाही हसतील. गसचे खरे दुखणे त्यांनी नेमके ओळखले. ‘लोक काय म्हणतील?’ हे दुखणे आपल्या घरांतही आहे. मनाचा आजार असलेला मुलगा पाहुणे आले की आतल्या खोलीत पाठवला जातो, आणि आपण म्हणतो, ‘त्याच्या भल्यासाठीच.’

दुसरी प्रतिक्रिया अविश्वासाची. ‘असं गाव कुठे असतं का, फादर? आपल्याकडे त्याला दगडच मारले असते.’ हिच्याकडे मी शेवटी वळणार आहे.

तिसरी प्रतिक्रिया मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही गंभीर, श्रद्धावान माणसे म्हणतात, ‘चित्रपट छान आहे, पण हे खोटं नाही का? धर्मगुरूंसकट सारं गाव एका आजारी माणसाशी खोटं वागतं. आठवी आज्ञा काय फक्त धडधाकट माणसांसाठी आहे?’

प्रश्न रास्त आहे आणि तो पडद्यावरचा नाही. ज्या घरात आजीची स्मृती गेली आहे, तिथे तो रोज संध्याकाळी उभा राहतो. आजी विचारते, ‘हे अजून कसे आले नाहीत?’ आजोबांना जाऊन बारा वर्षे झालेली असतात. खरे सांगावे तर ती दर वेळी नव्याने विधवा होते. ‘येतील हं, तू दोन घास खाऊन घे’ म्हणावे, तर सुनेच्या मनाला बोचणी लागते. चर्चच्या अंगणात हा प्रश्न मला वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी विचारला आहे. ‘चालतं हो, एवढं काय!’ असे म्हणून तो उडवून लावणे योग्य नाही, कारण विचारणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी जागी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे.

ख्रिस्तसभेची परंपरा या बाबतीत फार कडक आहे. संत अगस्तीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणतेही खोटे, चांगल्या हेतूचे असले तरी, निर्दोष नाही असे सांगितले. संत थॉमस अक्वायनस यांनी खोट्याचे तीन प्रकार केले: गंमतीचे, उपयोगाचे आणि घात करणारे. पहिल्या दोहोंचा दोष सौम्य, पण दोष आहेच, असे त्यांचे मत. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट तर १७९७ साली येथवर म्हणाला की मित्राला मारायला निघालेल्या माणसालासुद्धा खोटे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. हेतू चांगला म्हणून वाईट साधन चांगले होत नाही, हे आपल्या धर्मशिक्षणग्रंथाचेही म्हणणे आहे.

मग लार्सच्या गावाने पाप केले काय?

त्याच संत थॉमस यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. शुभवर्तमानात लूक सांगतो (२४:१३-३५) की एम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभू दोन खचलेल्या शिष्यांबरोबर चालू लागला. यरुशलेमेत काय घडले ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी त्याने त्यांनाच विचारले आणि सारे ऐकून घेतले. गाव जवळ आले तेव्हा त्याने पुढे जात असल्याचा आविर्भाव केला. प्रभूने लबाडी केली, असे कोणी म्हणेल काय? संत अगस्तीन यांचा आधार घेऊन संत थॉमस सांगतात की प्रत्येक आविर्भाव म्हणजे खोटे नव्हे. ज्या आविर्भावामागे काही सत्य अर्थ असतो, तो त्या सत्याची खूण असतो. ते शिष्य चुकीच्या दिशेने निघाले होते. प्रभू त्यांच्याबरोबर त्या चुकीच्या दिशेने काही मैल चालला, आणि मग त्यांचे त्यांनाच उमगून ते रात्रीच यरुशलेमेकडे परतले.

लार्सच्या गावाने हेच केले असे मला वाटते. बियांकाचा भ्रम गावाने निर्माण केला नाही; तो लार्सनेच आपल्या भयातून घडवला होता. गावाने त्यात आणखी फसवणुकीची भर घातली नाही. एका माणसाला वाटेत एकटे न सोडता त्याच्या चालीने चालायचे, एवढेच त्यांनी ठरवले. आणि एका प्रसंगी सत्य फार स्पष्टपणे बोललेही जाते. माझी कोणाला पर्वा नाही, अशी तक्रार लार्स करतो तेव्हा कॅरिन संतापते. गावातला प्रत्येक जण तुझ्या बियांकासाठी एवढा राबतो तो केवळ तुझ्यावर प्रेम आहे म्हणून, आणि हे आम्हाला मुळीच सोपे जात नाही, असे ती त्याला सुनावते. बाहुली ही बाहुली आहे, हे तसे लहान सत्य. तुला टाकलेले नाही, हे मोठे सत्य. लार्सला ते मोठे सत्य आधी हवे होते. ते मिळाल्यावर लहान सत्य त्याने स्वतःहून पत्करले. बियांकाला त्याच्यापासून कोणी हिसकावून घेतले नाही. तिला निरोप त्यानेच दिला.

पण बंधुभगिनींनो, येथे सावध राहू या. ‘प्रेमापोटी’ हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. नवरा दारू पितो आणि बायको कामावर फोन करून ‘ताप आलाय’ सांगते, तेही प्रेमापोटीच. मुलाच्या मनाचा आजार लपवून लग्न ठरवले जाते, ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून. तेही मुलाच्या प्रेमापोटीच. ही साथ आणि लार्सच्या गावाची साथ यांत फरक कसा करायचा?

मला एक साधी कसोटी सुचते. त्या खोट्याचा खर्च कोण उचलतो, ते पाहावे.

लग्नाच्या उदाहरणात खर्च दुसऱ्या घरची मुलगी उचलते, तोही न विचारता तिच्या माथी मारलेला. म्हणूनच १९८३ च्या कॅनन कायद्यातील १०९८ वे कलम सांगते की संमती मिळवण्यासाठी जोडीदाराविषयीची अशी गोष्ट कपटाने लपवली, जी स्वभावतःच वैवाहिक जीवनात गंभीर बिघाड आणू शकते, तर तो विवाह अवैध ठरतो. दारूच्या उदाहरणात खर्च बायको-मुले उचलतात, आणि नवऱ्याला तर त्या खोट्यामुळे बरे होण्याची गरजही भासत नाही. याउलट लार्सच्या गोष्टीत खर्च गाव उचलते. लोकांची चेष्टा, रिकामा न मिळणारा वेळ, खुर्चीतली ती जड बाहुली उचलून जिने चढवणे, हे सारे त्यांच्या वाट्याला येते. लाभ मात्र लार्सचा. त्यातच डॉक्टरीणबाई आठवड्या-आठवड्याला त्याच्याशी बोलत असतात. म्हणजे बाहेर पडण्याचे दार सतत उघडे ठेवलेले असते. ज्या साथीचा भार आपण स्वतः सोसतो आणि जी समोरच्याला सत्याच्या जवळ नेते किंवा निदान त्याच्यापासून दूर लोटत नाही, ती साथ प्रीती आहे. ज्या साथीचा भार दुसऱ्यावर पडतो, ती गोड शब्दांत सांगितलेली लबाडी आहे.

आजीला समजावणाऱ्या सुनेने या कसोटीवर स्वतःला तपासावे. ‘येतील हं’ म्हणणे मनाला पटत नसेल, तर ‘तुम्हाला त्यांची फार आठवण येते ना? सांगा बरं, ते कसे होते?’ असे विचारता येते. त्यात असत्याचा लवलेश नाही आणि आजीच्या काळजावर घावही नाही. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. खर्च आपण उचलायचा तो असा.

आता त्या दुसऱ्या प्रतिक्रियेकडे येतो. ‘असं गाव कुठे असतं?’

असते. बेल्जियममध्ये गील नावाचे एक शहर आहे. परंपरा सांगते की आयर्लंडची राजकन्या संत डिंफ्ना हिला सातव्या शतकात तिथे रक्तसाक्षित्व आले. भ्रमिष्ट झालेल्या तिच्या पित्यानेच तिला मारले. ती मनोरुग्णांची आश्रयदात्री मानली जाते. मध्ययुगात तिच्या चर्चमध्ये दुरून मनोरुग्ण आणले जाऊ लागले. चर्चलगतची जागा अपुरी पडली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. कित्येक शतके ही प्रथा चालू आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या घरांत साडेतीन हजारांहून अधिक मनोरुग्ण कुटुंबीयांसारखे राहत होते. आज संख्या पुष्कळ कमी झाली असली तरी प्रथा टिकून आहे, आणि २०२३ साली युनेस्कोने तिची दखल घेतली. तिथल्या एका घरातल्या पाहुण्याला भिंतीतून सिंह बाहेर येताना दिसत, तेव्हा यजमानीणबाई सिंहांना घराबाहेर हाकलून लावीत आणि त्याला शांत वाटे, अशी एक गोष्ट सांगतात. सिंह आहेत की नाहीत, यावर त्या बाईंनी वाद घातला नाही. पाहुणा घाबरला आहे, हे सत्य त्यांना पुरेसे होते.

तेव्हा ‘असं गाव नसतं’ हे विधान चुकीचे आहे. ‘आपलं गाव अजून तसं नाही’ हे कदाचित खरे असेल. आणि गीलची सुरुवात एका चर्चच्या अंगणात झाली, हे आपण विसरू नये.

चित्रपटात बियांका शेवटच्या आजारात असताना गावातल्या म्हाताऱ्या बायका विणकाम आणि जेवणाचे डबे घेऊन लार्सच्या घरी येतात. त्या उपदेश करत नाहीत. संकटाच्या वेळी माणसांनी येऊन बसायचे असते, एवढेच त्यांना ठाऊक असते. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस असेच त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते. ते चुकले ते नंतर, जेव्हा त्यांनी त्याला समजावायला सुरुवात केली.

आपल्या धर्मग्रामातही काही घरांचे दार बाहेरच्यांसाठी सहसा उघडत नाही आणि काही नावे लघुख्रिस्ती समूहाच्या बैठकीत हळू आवाजात घेतली जातात. या आठवड्यात अशा एका घरी जावे, अशी माझी विनंती आहे. औषध विचारू नये, सल्ला देऊ नये, कोणा ओळखीच्याचा अनुभव सांगू नये. चहा घ्यावा. ती व्यक्ती जे बोलेल ते ऐकावे. तासभर बसावे. आणि निघताना पुन्हा केव्हा येणार ते सांगावे, आणि त्या दिवशी खरोखरच जावे.

प्रभू येशू, एम्माऊसच्या वाटेवर तू आमच्या चालीने चाललास. आमच्यातल्या मागे राहिलेल्यांच्या चालीने चालण्याचा धीर आम्हाला दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू