रस्ता हवा, पण...

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गावर वाहिन्यांची चर्चा रंगली की पडद्याचे दोन तुकडे होतात. एकीकडे विकासाचे पाईक, दुसरीकडे विकासाचे वैरी. कोल्हापुरातल्या बऱ्याच माणसांना यातल्या कुठल्याच चौकटीत बसता येत नाही.

रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा चोकाक ते अंकली हा टप्पा घ्या. तिथले शेतकरी अडून बसले ते चौपट मोबदल्यासाठी. रस्त्याशी त्यांचं वैर नाही. शक्तिपीठाच्या बाबतीत शिरोळकडची धास्ती वेगळी. 2019 आणि 2021 चा महापूर अंगावर घेतलेला माणूस विचारतो, भराव घातल्यावर पाणी कुठे तुंबणार? या प्रश्नाला पक्ष नाही. सत्तेत असलेल्या हसन मुश्रीफांनीही या मार्गाला विरोध केला होता. ऑक्टोबर 2024 मध्ये कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली आणि पुढच्याच महिन्यात जिल्ह्यातल्या दहाही जागा महायुती आणि तिच्या सहयोगींकडे गेल्या. त्याआधी जूनमध्ये याच कोल्हापूरने काँग्रेसच्या शाहू छत्रपतींना लोकसभेत धाडलं होतं. मतदार गोंधळलेला आहे, असं स्टुडिओतले पंडित म्हणतात. मला तर तो चोख हिशेबी वाटतो.

वाहिन्या बाजू घेतात, अशी तक्रार केली की एक ठरलेलं उत्तर येतं: मराठी पत्रं निःपक्ष होती कधी? ‘केसरी’ होता? ‘मूकनायक’ होता? मग आजच्यांनाच बोल का? हे भलेभले बोलतात, म्हणून त्याची उलटतपासणी करावी लागते. डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 ला निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला अडीच हजारांची मदत केली. त्याने घेतली ती अस्पृश्यतेच्या प्रश्नावरची भूमिका. भूमिका प्रश्नावर घेतात, बाजू माणसाची घेतात. भूमिका घेणारा उद्या स्वकीयांनाही जाब विचारू शकतो. बाजू घेणाऱ्याला मात्र आधी कोण बोललं ते पाहावं लागतं, मग काय बोललं ते.

बाजू कशी अंगाशी येते, हे ‘केसरी’च्याच कोल्हापूर प्रकरणात दिसतं. तेव्हाच्या छत्रपतींचा कैवार घेऊन दिवाण बर्व्यांविरुद्धची पत्रं छापली गेली, ती बनावट निघाली आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. मनातल्या संशयाशी जुळली, म्हणूनच ती पत्रं खरी वाटली असावीत. तरी त्या दोघांनी किंमत स्वतः मोजली. आजच्या निवेदकाला चुकीच्या बातमीचा फार तर दुसऱ्या दिवशी विसर पडतो. तेव्हा ‘केसरी’ची ढाल त्याने पुढे करू नये.

वाहिन्यांच्या या बाजू घेण्याचं खापर मालक आणि जाहिरातदारांवर फोडणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच.

आणि त्या दोन चौकटींमधली जागा म्हणजे सहकारातली पॅनेलंही नव्हेत. 2021 मध्ये ‘गोकुळ’ दूध संघाच्या निवडणुकीत काँग्रेसचे सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे मुश्रीफ एकत्र लढले, पुढे राज्यात दोघांच्या आघाड्या वेगळ्या झाल्या, पण संघातलं सख्य काही लगेच तुटलं नाही. ही नेत्यांची सोय झाली. चोकाकचा शेतकरी सोय पाहत नाही, तो अट घालतो. रस्त्याला हो म्हणतो आणि दराला नाही. हे ‘हो’ आणि ‘नाही’ एका माणसाच्या तोंडी एकाच वेळी दाखवायची तयारी वाहिन्यांची नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

कोल्हापूरच्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या चर्चेला त्या शेतकऱ्याला बोलवा, आणि तो कोणत्या पक्षाचा, हे विचारू नका.