म्हणींची पारख

कोणत्याही लोकांचे मन ओळखावयाचे असेल तर त्यांच्या म्हणी ऐकाव्या. म्हण एकट्याची नसते. पुष्कळांच्या तोंडी ती रुळलेली असते. म्हणून त्या लोकांनी कशास मोल दिले हे तीत उतरते. रेव्हरंड मॅन्वेरिंग या मिशनरी साहेबांनी मराठी म्हणी विषयवार लावून, इंग्रजी भाषांतरासह, १८९९ साली ऑक्सफर्ड येथे छापविल्या. त्यांत परक्या वाचकासही आमच्या खेड्याचा संसार दिसतो.

तसेच इंग्रजी म्हणींत इंग्रजी बोलणाऱ्यांचा संसार दिसतो. आमच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक मुले घरी गोंडी अथवा माडिया, बाजारात मराठी बोलतात आणि शाळेत इंग्रजी सुविचार शिकतात. 'वेळ म्हणजे पैसा' हा त्यांतलाच एक. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७४८ साली तरुण व्यापाऱ्यास केलेल्या उपदेशात तो आहे. तो आळशास जागे करितो, हे खरे. मोहफुले वेचणारी बाईदेखील पहाटेची किंमत जाणते. परंतु मयताच्या घरी रात्रभर बसणारा शेजारी काय पैसा गमावितो? दुसरी म्हण, 'प्रामाणिकपणा हेच उत्तम धोरण'. येथे सद्गुणाची शिफारस लाभावरून केली आहे. केवळ त्या लाभासाठी खरे वागणारा मनुष्य प्रामाणिक नव्हे, असे डब्लिनचे आर्चबिशप व्हेटली यांनीच म्हटले होते. 'सत्याला मरण नाही' ही आमची म्हण लाभाचा हिशेब करीत नाही.

मग आमच्या सर्व म्हणी चांगल्या काय? 'गाव तेथे महारवाडा' ही पाहा. चांगल्यात वाईट असावयाचेच, हा तिचा अर्थ; म्हणजे कष्ट करणाऱ्या माणसांची वस्तीच वाईटाची खूण ठरविली! ही म्हण ऐकत आमच्यापैकी कित्येकांचे वाडवडील वाढले. इंग्रजांतही 'भिकाऱ्याला कसली आली निवड' अशा अर्थाची म्हण हेवूड यांच्या १५४६ च्या संग्रहात आहे. तीही गरिबाचे तोंडच बंद करिते.

उपदेशकबंधूंनी आणखी एक जपावे. 'जो स्वतःस साहाय्य करितो त्यास देव साहाय्य करितो' हे वाक्य पुष्कळ जण शास्त्रवचन समजतात. पण ते पवित्र शास्त्रात कोठेही नाही. शिवाय अंथरुणास खिळलेल्या विधवेने ते ऐकून काय समजावे?

तर वाचकहो, म्हण इंग्रजी म्हणून थोर नव्हे आणि पूर्वजांची म्हणून पवित्र नव्हे. ती ज्याच्याविषयी आहे त्याच्या समोर बसून, प्रीतीने, ती उच्चारता येईल काय, एवढे पाहावे. येत असेल तर ती मुलांस शिकवावी. येत नसेल तर ती आपल्या तोंडीच संपू द्यावी.