दुसऱ्याने जोडलेली तार

एखाद्या कामाचा कर्ता समोर नसेल, त्याला प्रश्न विचारण्याची सोय उरली नसेल, आणि त्याच्या कामात आपल्याला न उमजणारी एखादी गोष्ट आढळली, तर तिच्याशी कसे वागावे? हा प्रश्न तत्त्वचिंतकांचा वाटतो खरा. परंतु जुना स्टिरिओ रिसीव्हर दुरुस्तीसाठी उघडणाऱ्या मनुष्याला तो पहिल्या पाच मिनिटांतच भेटतो.

रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ध्वनिवर्धक यांनी एकाच पेटीत थाटलेला संसार. अमेरिकेत १९६१ साली एफ.एम. स्टिरिओ प्रक्षेपणाला मान्यता मिळाली आणि पुढील दोन दशकांत पायोनिअर, सान्सुई, केनवुड अशा जपानी नावांची ही यंत्रे जगभर पसरली. आपल्या देशात आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात ती बहुधा परदेशाहून परतणाऱ्यांच्या सामानातून आली. त्यांचे रचनाकार आता आपल्याला भेटणार नाहीत. त्यांना जे सांगायचे होते ते तारांतूनच वाचावे लागते.

आणि या तारा पुष्कळदा चमत्कारिक दिसतात. कित्येक यंत्रांत चौकोनी खुंट्यांभोवती तार नुसतीच गुंडाळलेली असते. डाखाचा थेंबही नसतो. नवशिक्याला वाटते, कामगाराने काम अर्धवट टाकले. वस्तुतः ही बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या वर्षांत सिद्ध झालेली पद्धत आहे. ताणून गुंडाळताना खुंटीच्या धारदार कडा तारेत रुततात, आणि त्या ठिकाणी धातू धातूला असा भिडतो की मध्ये हवा शिरत नाही. म्हणून तेथे गंजही चढत नाही. दुसरे उदाहरण जाळीचे आवरण असलेल्या तारेचे. तिची जाळी एका टोकाला जोडलेली आणि दुसऱ्या टोकाला कापून मोकळी सोडलेली दिसते. कोणी सद्‌हेतूने ते टोक जोडून टाकतो, आणि स्पीकरमधून अखंड घरघर सुरू होते. कारण जमिनीच्या जोडणीला आता दोन वाटा झाल्या, त्यांचे एक वेटोळे बनले, आणि ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यात प्रवाह खेळवू लागले.

याहून गंभीर गोष्ट त्या लहानशा डायोडची. दोन बारीक तारांच्या टोकाशी तो मुख्य पट्टीपासून दूर, उष्णता पसरविणाऱ्या धातूच्या पंख्याला चिकटवलेला असतो. मंडलाशी त्याचा काही संबंध असेल असे वाटतच नाही. परंतु ट्रान्झिस्टर तापला की त्याला वाहते ठेवण्यास लागणारा दाब दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. त्यामुळे प्रवाह वाढतो, प्रवाहामुळे उष्णता वाढते, आणि हे चक्र आवरले नाही तर त्याचा शेवट जळण्यात होतो. तो डायोड शेजारी बसून तीच उष्णता सोसतो आणि त्या प्रमाणात प्रवाहाला लगाम घालतो. त्याची तार ‘निरुपयोगी’ म्हणून तोडणाऱ्याला आपले अज्ञान क्षणार्धात कळते. पण तोवर ट्रान्झिस्टर गेलेला असतो, आणि तो आता कोणताही कारखाना बनवीत नाही.

पाणिनीच्या सूत्रांत एक वर्णही निरर्थक असणे शक्य नाही, अशी पतंजलीची भूमिका होती. न उमजलेल्या तारेकडे पाहण्याची पहिली दृष्टी हीच असावी. अर्थ दिसत नाही, याचा अर्थ नाही असा होत नाही. उणीव तारेत असण्यापूर्वी ती आपल्या ज्ञानात असण्याचा संभव अधिक. जो उत्तर देण्यास हजर नाही, त्याला मूर्ख ठरविणे फार सोपे असते. म्हणूनच ते अन्यायाचे असते.

तथापि येथेच थांबलो तर आपण दुसऱ्या खड्ड्यात पडू. पतंजलीनेही काही सूत्रे तपासून अनावश्यक ठरविली आहेत. जुन्या यंत्रात केवळ रचनाकाराचाच हात नसतो. कारखान्याने उत्पादन चालू असताना केलेले बदल असतात, जे पहिल्या नकाशात सापडत नाहीत. आणि मधल्या वर्षांत कोणा दुरुस्तीवाल्याने वेळ मारून नेण्यासाठी केलेल्या करामतीही असतात. उडालेल्या फ्यूजभोवती गुंडाळलेली तांब्याची तार हीही कोणीतरी ‘काही हेतूने’च जोडलेली असते. तिचा आदर करणे म्हणजे घराला आग लागण्याची वाट पाहणे होय.

मग निवाडा कसा करावा? स्टिरिओ यंत्राने त्याची एक सुंदर सोय स्वतःच्या पोटात ठेवली आहे. त्यात डाव्या आणि उजव्या ध्वनीचे दोन सारखे मार्ग असतात, जुळ्या भावंडांसारखे. विचित्र वाटणारी तार दोन्हींत असेल तर ती बहुधा हेतुपूर्वक आहे. एकातच असेल तर संशयाला जागा आहे. मग डाखाची चकाकी पाहावी, तारेचा रंग पाहावा, नकाशा पुढे घ्यावा, मीटर लावावा. मात्र वीजपुरवठ्याचा भाग पुष्कळदा एकटाच असतो. तेथे तुलनेला भावंड नाही, आणि केवळ धीरच उपयोगी पडतो.

सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला हे सारे परके वाटत नाही. जुन्या फाइलीतील एखादी अट नवा अधिकारी निरर्थक म्हणून खोडतो, तर जुना कारकून ‘पूर्वीपासून असेच आहे’ म्हणून ती राखतो. एक सुधारक म्हणवतो, दुसरा परंपरेचा रक्षक. पण मागची पाने दोघांनीही उलटलेली नसतात. दोघांचा दोष एकच आहे, आणि तो मताचा नसून आळसाचा आहे.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक दारात उभे असताना इतका विचार करण्यास दुरुस्तीवाल्याला सवड कोठून? आक्षेप खरा आहे. प्रत्येक तारेचा इतिहास शोधीत बसणे शक्य नाही, आणि आवश्यकही नाही. परंतु जी तार आपण तोडणार आहोत, तिच्यापुरते तरी हे ऋण आपल्यावर आहे. न समजलेली गोष्ट तशीच ठेवण्यास फारसे ज्ञान लागत नाही, धोका नाही एवढी खात्री मात्र करून घ्यावी लागते. ती काढून टाकण्यास ज्ञान लागते. धोका उघड दिसत असेल तेव्हा यंत्र बंद ठेवावे, पण अंदाजाने कात्री चालवू नये.

याच ऋणाची दुसरी बाजू पुढे येणाऱ्याकडे वळलेली आहे. आज आपण केलेला बदल उद्या त्याला असाच बुचकळ्यात टाकणार. म्हणून काय बदलले, का बदलले आणि केव्हा, हे एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते. यंत्र त्या चिठ्ठीवाचूनही वाजेल. पण ते पुन्हा उघडणाऱ्या अनोळखी मनुष्याला, आपल्याला न मिळालेले उत्तर, निदान आपल्या कामापुरते तरी मिळेल.