काय नको, ते आधी

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखालचा कोपरा पाहावा. चार-सहा सायकली एकमेकींना टेकून उभ्या असतात. टायर बसलेले, चेनवर गंज, सीटवर धूळ. त्यातल्या काही मुलांच्या असतात. मुलं मोठी झाली, सायकली राहिल्या. बाकीच्या मोठ्या माणसांनी स्वतःसाठी हौसेनं घेतलेल्या असतात, आणि या दुसऱ्या प्रकारातल्या सायकली मी जरा निरखून पाहतो. त्या महागड्या नसतात, पण साध्याही नसतात. पुढे स्प्रिंगचा फोर्क, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, खाचाखाचांचे जाड टायर, हँडलच्या दोन्ही बाजूंना गिअरचे खटके. डोंगर चढायच्या तयारीनं आलेली सायकल पार्किंगच्या उतारावरच थांबलेली असते.

ओळखीतल्या कुणाचं सायकल घ्यायचं ठरलं की बऱ्याचदा मला बरोबर नेतात. मी सायकलपटू वगैरे नाही. सकाळी पाषाण तलावाकडे, कधी लवकर जाग आली तर खडकवासल्यापर्यंत जाऊन येणारा माणूस आहे. पण अशा खरेद्यांना सोबत करता करता एक मत पक्कं होत गेलं. हातात पैसे मोजके असतील, तेव्हा सायकलीला काय काय लावलंय हे पाहण्याआधी काय काय लावलेलं नाही हे पाहावं.

यामागे साधा हिशेब आहे. दहा हजारांची सायकल घ्यायची म्हटली, तर त्या किमतीत कारखान्याला फ्रेम, दोन चाकं, चेन, पायडल, ब्रेक आणि सीट एवढं द्यावंच लागतं. त्याच दहा हजारांत स्प्रिंगचा फोर्क, डिस्क ब्रेक आणि २१ गिअरही बसवायचे, तर पैसे कुठून तरी काढावे लागतात. ते निघतात गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथून: हबमधल्या कोन-छर्ऱ्यांतून, पायडलच्या बेअरिंगमधून, रिमच्या जाडीतून. दुकानात हे कळत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर चाक आऊट होतं, पायडल करकरायला लागतं, तेव्हा कळतं.

स्प्रिंगच्या फोर्कचंच पाहा. चांगल्या फोर्कमध्ये स्प्रिंगची उसळी आवरण्यासाठी तेलाची सोय असते. स्वस्त फोर्कमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते. साध्या फोर्कपेक्षा त्याचं वजन किलो-दीड किलोनं जास्त भरतं, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की आपला थोडा जोर चाकाकडे न जाता स्प्रिंग दाबण्यात खर्च होतो. गतिरोधक आणि खड्डे यांचं काय, असं कुणीही विचारेल, आणि पुण्यात तर विचारायलाच हवं. त्यावर उत्तर टायरचं आहे. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर, त्याच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत पण दगडासारखी नव्हे अशी हवा, एवढ्यानं शहरातले बहुतेक धक्के सोसवतात. चार इंची टायरची ‘फॅट बाइक’ मुळात वाळू-बर्फावर रुतू नये म्हणून केलेली. डांबरी रस्त्यावर तिला ढकलत नेण्याचीच मेहनत जास्त.

डिस्क ब्रेक चांगलाच असतो, पण चांगला असेल तर. स्वस्तातला जरा धक्का लागला की त्याची चकती वाकते, पॅडला घासायला लागते, आणि ती सरळ करून देणारा माणूस कोपऱ्यावर मिळत नाही. व्ही-ब्रेकचं रबर झिजलं तर ते थोडक्या पैशांत घरच्या पान्यानं बदलता येतं. मात्र रिम पोलादी नव्हे, ॲल्युमिनियमची हवी, आणि इथे काटकसर करू नये. चकचकीत पोलादी रिमवर पाणी पडलं की ब्रेक धरता धरत नाही. जून ते सप्टेंबर ज्या गावात पाऊस पडतो, तिथे ही गोष्ट गिअरच्या संख्येपेक्षा फार महत्त्वाची आहे.

आणि गिअरची संख्या! पुढे तीन आणि मागे सात चकत्या म्हणून २१. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच जोड्या एकमेकींइतक्याच जड किंवा हलक्या पडतात, आणि चेन फार तिरकी होते म्हणून काही वापरायच्याच नसतात. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, आणि २८ इंची चाकाची सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. पेठांतून, सपाटीवर, हे छान चालतं. कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ घ्यायचा तर गुडघे बोलायला लागतात. म्हणून गिअर हवेत की नकोत हे आपल्या घरासमोरच्या रस्त्याला विचारावं. सपाटीच असेल तर बिनगिअरची घ्यावी. चढ असेल तर पुढे एक आणि मागे सात एवढे गिअर हौशी माणसाला पुरतात. पुढच्या चकत्या, त्यांचा खटका आणि ती वायर गेली की बिघडण्याच्या तीन जागा कमी होतात.

आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी जी सायकल वापरली, तिच्यात ही काटकसर फार शहाणपणानं केलेली होती. सोनिपतची ॲटलस १९५१ची, लुधियानाची हीरो १९५६ची. सगळ्यांची सायकल जवळपास एकाच इंग्रजी घाटाची, त्यामुळे एका कंपनीचे सुटे भाग बहुधा दुसरीला चालत. वजन वीस किलोंच्या आसपास, पण लागणारं सगळं अंगावर: कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, बऱ्याचदा कुलूपही. दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत तीच सायकल. आज नेमकं उलटं झालंय. नको असलेलं आधीच बसवलेलं असतं आणि मडगार्ड, स्टँड, घंटीचे पैसे वेगळे पडतात. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी टाळेबंदी सैल झाल्यावर लोक हौसेच्या सायकलींसाठी दुकानांत खेटे घालत होते. सायकल संपली नव्हती. गरज म्हणून सायकल घेणारा माणूस कमी झाला होता आणि हौस म्हणून घेणारा वाढला होता. गरजेच्या माणसाला काय नको हे पक्कं ठाऊक असायचं. हौशी माणसाला ते ठरवावं लागतं.

हे ठरवणं अवघड जातं ते पैशांपेक्षा मनामुळे. आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झाल्यावर सायकल घ्यायला निघाले. दुकानातला मुलगा उत्साही होता. एका दणकट सायकलीवर थाप मारून म्हणाला, “काका, ही लडाखलासुद्धा नेता येईल.” काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “अरे, मला कमला नेहरू पार्कपर्यंत जायचंय.” तरीही त्यांची नजर त्याच सायकलीवर खिळली होती, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. दुकानात आपण एकटे जात नाही. पहाटे पाचला उठणारा, पोट कमी झालेला, घाट चढणारा असा आपलाच एक पुढचा अवतार बरोबर असतो, आणि सायकल तोच निवडतो. वापरायची वेळ मात्र आपल्यावर येते.

मी त्यांना खाली झुकलेल्या नळीची सायकल दाखवली. पाय फार उंच न उचलता बसता येतं, अडखळलं तर चटकन उतरता येतं. काकांचा चेहरा पडला. “ही लेडीज दिसते.” काकू तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, “आणि जेंट्स सायकलवरून पडलात तर हाड लवकर जुळणार आहे का?” सायकल ठरली. साठीनंतर पुन्हा सायकल धरणाऱ्या पुरुषांनी या एका शब्दापायी किती चांगल्या सायकली नाकारल्या असतील, कोण जाणे.

बसून पाहिल्याशिवाय सायकल घेऊ नये, हेही त्या दिवशी पुन्हा पटलं. स्वस्त सायकली बहुधा एकाच मापात येतात, आणि ते माप आपलं असेलच असं नाही. नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहिलं की अंग आणि नळी यांत बोटभर तरी अंतर हवं. सीटची उंची अशी हवी, की पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकली तर पाय सरळ व्हावा. आपण दोन्ही पाय जमिनीला लागावेत म्हणून सीट खाली घेतो आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलीला नावं ठेवतो. जाड, गुबगुबीत सीटपेक्षा योग्य उंचीवरची साधी सीट पुष्कळ बरी.

सायकल कुठून घ्यावी, यालाही किंमत आहे. ती कारखान्यातून खोक्यात, अर्धवट जोडलेली येते. चाकं सरळ करणं, बेअरिंगमध्ये ग्रीस आहे का पाहणं, ब्रेक लावणं हे जोडणाऱ्याच्या हातात असतं. चांगल्या हातानं जोडलेली साधी सायकल वाईट हातानं जोडलेल्या भारी सायकलीला मागे टाकते. म्हणून घराजवळच्या मिस्त्रीशी आधी बोलावं. कुठले भाग मिळतात, कुठले मिळत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. व्हॉल्व्हसारखी बारीक गोष्टही त्याच्याकडून समजते: मोटारसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर हवा पेट्रोल पंपावरही भरता येते, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला वेगळी जोडणी जवळ बाळगावी लागते. आणि सोसायटीच्या त्या जिन्याखालच्या सायकलींतली एखादी बिनस्प्रिंगची, सरळ फ्रेमची असेल, तर मालकाला विचारायला हरकत नाही. टायर-ट्यूब बदलून आणि ओव्हरहॉलिंग करून ती नव्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात चालू होते. फक्त फ्रेमला तडा किंवा जोड नाही ना, हे मिस्त्रीला दाखवून घ्यावं.

ठरवलेली सगळी रक्कम सायकलीवर मात्र उडवू नये. हेल्मेट, कुलूप, पुढचा-मागचा दिवा, पंप, मडगार्ड यांना पैसे राखून ठेवावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वाचलेल्या त्या पैशांत वरचा गिअर घेण्यापेक्षा दिवे घ्यावेत, कारण पुण्याच्या संध्याकाळच्या रहदारीत आपण दिसणं हे आपल्या वेगापेक्षा मोलाचं आहे.

काका आता आठवड्यातून बरेच दिवस बाहेर पडतात. कमला नेहरू पार्क मागे पडून त्यांची मजल विद्यापीठापर्यंत गेली आहे. परवा म्हणाले, सेनापती बापट रस्त्याच्या चढाला एखादा हलका गिअर असता तर बरं झालं असतं. डिस्क ब्रेकची मात्र आठवणही येत नाही. साध्या, स्वस्त सायकलीचा खरा उपयोग मला यात दिसतो. वर्ष-दोन वर्षं ती वापरली की आपली वाट, आपले गुडघे आणि आपली हौस यांचा अंदाज येतो. हौस टिकली आणि रस्ता लांबला, तर पुढची सायकल जास्त पैशांची जरूर घ्यावी. तिच्यात काय हवं, हे तेव्हा दुकानातल्या मुलाला विचारावं लागणार नाही.