कर्तव्याचे कलम

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण आणि चिखलपाणी तुंबवणाऱ्याला पाव पण दंड सांगितला आहे. तिथे अपराधी नागरिक आणि दंड करणारा नगराचा कारभार. पण घाणीचे मूळ कारभारातच असेल तर जाब कोणी, कोणाला आणि कोणत्या कलमाखाली विचारायचा? स्थानिक स्वराज्य आणि पर्यावरण या दोन्ही कायद्यांत वावरणाऱ्या वकिलाचे सारे काम या प्रश्नावर उभे आहे.

आपल्याकडे त्याचे ठसठशीत उत्तर माळव्यातल्या रतलाममधून आले. तिथल्या वॉर्ड क्रमांक १२ चे रहिवासी उघडी गटारे, मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी आणि शौचालयांअभावी होणारी घाण यांनी बेजार झाले होते. पर्यावरण संरक्षण कायदा यायला, म्हणजे १९८६ साल उजाडायला, अजून अवकाश होता. ते दंडाधिकाऱ्यापुढे गेले ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ घेऊन. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचे हे जुनेच कलम. आदेश पालिकेच्या विरोधात गेला आणि पालिका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. तिची मुख्य सबब होती, पैसा नाही. २९ जुलै १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी ती फेटाळली. जी संस्था लोकांच्या आरोग्यासाठीच स्थापन झाली, तिला रिकामी तिजोरी दाखवून सुटता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. सहा महिन्यांत शौचालये बांधा, कारखान्याचे पाणी रस्त्यावर येऊ देऊ नका, असे नेमके आदेशही दिले गेले.

या निकालातले मोठेपण त्याच्या करुणेइतकेच त्याच्या नेमकेपणात आहे. दुःखाला कलम सापडले की ते कर्तव्य होते; तोवर ती नुसती तक्रार असते. वकिलाची विद्या हे कलम शोधण्यात आहे, आणि ते क्वचितच एका जागी सापडते. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पाणी, हवा, वने, जैवविविधता यांचे कायदे आहेत. महापालिकेचा कायदा नाही. इकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर कलम ६६ मध्ये ऐच्छिक. गटार आणि कचरा पहिल्या यादीत मोडतात. नदी मरते ती बहुधा या दोन कायद्यांच्या मधल्या जागेत. त्यात मुदतीचा काच: न्यायाधिकरणाकडे वाद नेण्यास कारण घडल्यापासून सहा महिने, आणि पुरेसे कारण दाखवले तर आणखी साठ दिवस.

मात्र रतलामसारख्या विजयात एक पेच आहे. ज्या पालिकेला न्यायालयात हरवायचे, गटार अखेर तिलाच बांधायचे असते. निकालाने नळ जोडला जात नाही. तो अंदाजपत्रकातल्या तरतुदीने जोडला जातो. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तिच्या अठरा विषयांत पर्यावरणही आले. पण अधिकार किती सोपवायचे हे अनुच्छेद २४३-डब्ल्यूने राज्यांच्या मर्जीवर ठेवले. कर्तव्य खाली आणि तिजोरीची किल्ली वर, अशी ही रचना आहे. त्यातच मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर कित्येक वर्षे तिथे प्रशासकाचेच राज्य होते. उत्तरदायी सभागृहच नसेल तर सगळा भार न्यायालयावर पडतो, आणि न्यायालयाने नेमलेल्या समित्या हळूहळू निवडून आलेल्यांची जागा घेऊ लागतात. या क्षेत्रातल्या चांगल्या वकिलाची कसोटी इथे लागते: पालिकेला दोषी ठरवावे, पण निकम्मी ठरवू नये. ‘यांच्याने काही होणार नाही’ हा निष्कर्ष दूषित पाण्याइतकाच घातक आहे. त्याने स्वराज्याचीच गरज संपते.

कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ व्या क्रमांकावर आहे. त्यातला अधिकार तोच आहे. आपल्या वॉर्डातले गटार तुंबले तर हे कलम जरूर वापरावे. पण त्याआधी पालिकेचे अंदाजपत्रक मागून वाचावे. रतलामचा खटला वकिलांनी लढवला खरा, पण तो दाखल केला होता त्या गल्लीत राहणाऱ्यांनी.