टीप कुठे लिहायची?

‘कारणं लिहायचीच असतील तर वेगळ्या फाइलीत लिहा,’ असं भोरमधला एक तरुण प्रोग्रॅमर परवा सहज म्हणाला आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. जमिनीच्या नोंदींसाठी तो माहितीचा नमुना बांधतोय, तोही जेसॉन या यंत्राला वाचता येणाऱ्या लेखनपद्धतीत. तिथे टीप लिहायला जागाच नाही.

पोटखराब्याचंच उदाहरण घ्या. पोटखराबा म्हणजे काय, हे भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर कुणाला सांगायला नको. त्याचे वर्ग दोन. ‘अ’ म्हणजे खडक, ओघळ यांमुळे पिकाला नालायक जमीन. ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली. नमुन्यात मात्र दोन्ही नुसते आकडे. उद्या कुणी नवा माणूस म्हणेल, दोन रकाने कशाला, एकच करू. झालं, गावाची वाट कुणाच्या तरी शेतात गेली! ‘अ’ लागवडीखाली आणता येतो, ‘ब’ नाही, हे त्या रकान्याला चिकटूनच लिहिलेलं हवं. नमुना बदलणारा घाईत असतो. वेगळी फाइल तो उघडत नाही.

जेसॉनचे जनक डग्लस क्रॉकफर्ड यांनी २०१२मध्ये सांगितलं, की टिपा त्यांनी मुद्दाम काढल्या; लोक त्यांत यंत्रासाठी हुकूम लिहू लागले होते. मला हा अतिरेक वाटायचा. पण सातबाऱ्यावरचे ‘इतर हक्क’ पाहा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, १९४७च्या तुकडेबंदी कायद्याखालचा ‘तुकडा’ हा शेरा, सगळं एकाच रकान्यात दाटीवाटीने. दिसायला शेरा, पण त्या एका शब्दावर खरेदीखत अडतं. यंत्राने त्यातून हुकूम कोणता आणि माहिती कोणती हे कसं निवडायचं? म्हणजे नोंदीपुरतं क्रॉकफर्ड यांचं खरं आहे, हे मला मान्य करावं लागतं. जे बांधून ठेवतं, त्याला स्वतःचा रकाना हवा.

नमुना मात्र नोंद नव्हे. तो माणूस लिहितो, माणूसच बदलतो. जेसॉनचे नमुने कसे लिहायचे हे ठरवणाऱ्या ‘जेसॉन स्कीमा’वाल्यांनाही पुढे टिपेसाठी खास शब्द राखून ठेवावा लागला. पण अवतरणचिन्हांत कोंबलेल्या एका ओळीत कारणाचा परिच्छेद मावत नाही. म्हणून नमुना यॅमल या टिपा चालणाऱ्या पद्धतीत लिहावा आणि यंत्राला त्याचं जेसॉन करून द्यावं. यॅमलची खोडही मोठी आहे: जुन्या आवृत्तीत नॉर्वेचा ‘एनओ’ हा संकेत अवतरणाविना लिहिला, तर त्याचा अर्थ ‘नाही’ होतो. तरीही यॅमलच. कारण जवळच आहे: २०२४मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव मंजूर केलं. तालुक्याच्या रकान्यावर आता एवढं लिहायलाच हवं: जुन्या दस्तांत वेल्हे, नव्यांत राजगड, तालुका एकच.